सुतार येण्याआधी नळ पाहा: नव्या घरातील स्वयंपाकघर आणि स्नानगृहाच्या देखभालीचे नियोजन

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाल्यापासून सुताराचे पहिले प्लायवूड घरात येऊन पडेपर्यंत मधे दोन-तीन आठवडे जातात. ओट्याखालचे पाइप, भिंतीतून डोकावणारी नळांची तोंडे, जमिनीवरचे पाणी गटाराकडे नेणारे, अजून जाळी न बसवलेले नहाणी ट्रॅप आणि गीझरसाठी काढलेले पॉइंट हे सगळे उघड्यावर दिसण्याचा तोच काय तो काळ असतो. त्यानंतर पुढची पंधरा वर्षे त्यांच्यावर कपाटे, लॅमिनेट आणि फॉल्स सीलिंग बसलेले असते. म्हणून देखभालीचे नियोजन गृहप्रवेशानंतर सवडीने करू, असे ठरवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की ते काम सुताराला आगाऊ रक्कम देण्याच्या आधी उरकावे, कारण ज्या जोडापर्यंत हात पोहोचत नाही त्याची देखभाल करता येत नाही.

हे शहाणपण मला आमच्या आधीच्या घराने शिकवले. तिथे राहायला जाऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. खालच्या मजल्यावरील काकू एके सकाळी हातात मोबाइल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आमच्या छताला पिवळा डाग पडलाय, जरा बघता का?" फोटोतला डाग ताटलीएवढा होता आणि त्याच्या कडेने रंगाचे पोपडे सुटू लागले होते. आमच्या स्वयंपाकघरात तर सगळे कोरडे ठणठणीत दिसत होते. प्लंबर आला, त्याने सिंकखालचे कपाट उघडले, आणि अँगल कॉक, म्हणजे एकेका नळाचे पाणी बंद करणारी भिंतीतली चावी, शोधू लागला. तो दिसेना, कारण कपाटाची मागची फळी त्याच्यावर सलग ठोकलेली होती आणि त्यातून फक्त नळाकडे जाणारी नळी बाहेर काढलेली होती. शेवटी सुताराला बोलावून फळी कापली, तेव्हा आतला अँगल कॉक आणि जोडनळीचा नट यांच्यामधून थेंब थेंब पाणी ठिपकताना दिसले. नटातला रबरी वॉशर चिरला होता. वॉशर काही रुपयांचा होता, पण भिंतीलगतची फळी फुगून तिचे पापुद्रे सुटले होते, कपाटाचा तळ काळा पडला होता आणि काकूंच्या छताचे रंगकाम आमच्याकडे आले ते वेगळेच.

तेव्हा पहिले काम पाहणीचे. ताबा घेताना बहुतेक लोक दारे-खिडक्या, रंग आणि टाइल्स पाहतात; स्नानगृहात मात्र बादली, खडू आणि घड्याळ घेऊन जावे. प्रत्येक स्नानगृहाच्या जमिनीवर एक बादली पाणी ओतावे आणि दहा मिनिटांनी परत येऊन पाहावे. जमिनीला जाळीच्या दिशेने मीटरमागे साधारण १० ते १२ मिलिमीटर उतार असला, तर पाणी निघून जाते आणि नुसती ओल उरते. कमोडच्या मागे किंवा दाराजवळ डबके राहिले, तर त्या जागेभोवती खडूने रेघ ओढून फोटो घ्यावा. शॉवरखालच्या डबक्याने काही बिघडत नाही असे कंत्राटदाराचा माणूस म्हणेल, पण त्याच जागी पुढे शेवाळ धरते, घसरायला होते आणि टाइल्सच्या सांध्यांतून पाणी खाली मुरत राहते. एखाद्या नाण्याने टाइल्स वाजवून पाहाव्यात, विशेषतः ओल्या भिंतीवरच्या. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे टाइलमागे सिमेंट नीट भरलेले नाही, आणि अशा टाइलमध्ये टॉवेलच्या दांडीसाठी भोक पाडले की ती हमखास तडकते.

वॉटरप्रूफिंगची खरी परीक्षा मात्र पाणी साठवूनच होते. नहाणी ट्रॅपचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद करावे आणि दाराच्या उंबऱ्याच्या खाली राहील इतपत, म्हणजे इंच-दीड इंच पाणी भरून ठेवावे. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करून ते किमान २४ तास, शक्य असल्यास ४८ तास तसेच राहू द्यावे. नव्या इमारतीत खालचा फ्लॅट बहुधा अजून रिकामा असतो, त्यामुळे साइट ऑफिसमधून त्याची किल्ली मागून घेऊन छत पाहून येणे सोपे जाते. खाली एकदा बिऱ्हाड आले आणि फॉल्स सीलिंग लागले की ही सोय संपली. इमारतीत स्नानगृहाचा स्लॅब खाली दाबून तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि कोब्याने भरला असेल, तर मुरलेले पाणी आधी त्या भरावात साठते आणि कित्येक आठवड्यांनी, तेही भलत्याच कोपऱ्यात, खाली उतरते. म्हणून अशा घरात एक दिवसाची चाचणी निर्वाळा देत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर खालच्या घरात पुन्हा एकदा डोकावून यावे.

जे दोष सापडतील ते तोंडी सांगू नयेत. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेतला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवासुविधांतला दोष निदर्शनास आणून दिल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे आपल्या भाषेत बिल्डरवर असते. याच अधिनियमाच्या कलम १९(५) नुसार ताब्यानंतर आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे, त्यामुळे प्लंबिंग आणि ड्रेनेजचा नकाशा लेखी मागावा. तक्रार फोटोसह ईमेलने करावी आणि तीत जागा नेमकी लिहावी. "बाथरूममध्ये प्रॉब्लेम आहे" अशा वाक्याला उत्तर येत नाही, "मुख्य शयनगृहाच्या स्नानगृहात कमोडच्या उजव्या बाजूला ४८ तास पाणी भरल्यानंतर खालच्या छतावर ओल आली" अशा वाक्याला येते. दुरुस्ती होईपर्यंत त्या खोलीतल्या टाइल्सना स्वतः हात लावू नये, कारण एकदा तुमच्या माणसाने तोडफोड केली की दोष कोणाचा, हा वाद सुरू होतो.

पाहणी झाल्यावर पाणी कुठून येते ते समजून घ्यावे, कारण देखभालीचे अर्धे वेळापत्रक त्यावर ठरते. मुंबईत भातसा, तानसा, वैतरणेचे किंवा पुण्यात खडकवासल्याचे पाणी नळाला येत असेल तर ते मुळात मऊ, म्हणजे कमी क्षारांचे असते. शहराच्या वाढत्या कडेला, जिथे महापालिकेची वाहिनी अजून पोहोचलेली नाही आणि सगळी भिस्त बोअरवेल व टँकरवर आहे, तिथले पाणी जड असते. शिवाय नव्या संकुलांत एकाच घरात दोन-तीन प्रकारची पाणी असतात: ओट्यावर महापालिकेचे, स्नानगृहात मिश्र किंवा बोअरचे आणि फ्लशला सांडपाणी प्रक्रिया करून आलेले. कोणत्या नळाला कोणती लाइन आहे हे सोसायटीच्या प्लंबरकडून विचारून लिहून ठेवावे. प्रत्येक नळाचे पाणी तपासून घेतले तर उत्तमच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या एकूण घटकांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि जडपणाची २०० मिलिग्रॅम आहे. तुमच्या ओट्यावरचे पाणी याच्या बरेच खाली असेल तर आरओ यंत्र घेऊन निम्म्याहून अधिक पाणी मोरीत सोडण्याचे आणि दरवर्षी फिल्टर बदलण्याचे कारण नाही, साधे यूव्ही यंत्र पुरते. उलट स्नानगृहातले पाणी या मर्यादेच्या पुष्कळ वर असेल, तर नळांच्या जाळ्या, शॉवर आणि गीझर यांच्याकडे इतरांपेक्षा दुप्पट वेळा लक्ष द्यावे लागेल, हे आधीच धरून चालावे.

आता सुताराकडे वळू. त्याच्याशी बोलताना आपण रंग, हँडल आणि ड्रॉवरच्या चॅनेलबद्दल बोलतो; त्याआधी घरातला प्रत्येक नळ, कॉक, ट्रॅप आणि स्विच पॉइंट यांचे फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढून ठेवावेत, आणि मग पुढील अटी लेखी घालाव्यात. सिंकखालच्या कपाटाला मागची फळी नको, किंवा हवीच असेल तर ती चार स्क्रू काढल्यावर निघणारी असावी. अँगल कॉक बंद करायला पूर्ण पंजा आत जाईल एवढी जागा राहावी. दोन बोटे जाऊन उपयोग नाही, कारण चार वर्षे न फिरवलेला कॉक दोन बोटांनी फिरत नाही. सिंकखाली ड्रॉवर घेण्याची सध्या फार हौस आहे, पण पाइपला वळसा घालणारा तो अर्धा ड्रॉवर दुरुस्तीच्या वेळी आधी उतरवावा लागतो, त्यामुळे तिथे साधे दार बरे. स्नानगृहातल्या फॉल्स सीलिंगमध्ये तर झाकण असलेली चौकट, जिला कारागीर ट्रॅप डोअर म्हणतात, ती ठेवलीच पाहिजे. अनेक नव्या इमारतींत वरच्या घराच्या स्नानगृहाचे पाइप तुमच्या छताखालून गेलेले असतात, म्हणजे वरच्यांच्या दुरुस्तीसाठी प्लंबर तुमच्याच घरात शिडी लावणार आहे, आणि झाकण नसेल तर तो जिप्सम फोडणार आहे. दिसायला वाईट दिसते म्हणून आमच्या इमारतीत चार-पाच घरांनी हे झाकण टाळले. त्यांतल्या दोघांची छते पहिल्या तीन वर्षांत फुटली.

ओल्या भागासाठी प्लायवूड आयएस ७१० चे, म्हणजे बाजारात ज्याला मरीन म्हणतात ते घ्यावे, निदान सिंकखालच्या आणि बेसिनखालच्या कपाटांना तरी. मात्र चांगले प्लायही कापलेल्या कडेतून पाणी पिते. पाइपसाठी सुताराने पाडलेले गोल भोक पाहा: वरून लॅमिनेट गुळगुळीत असते आणि भोकाच्या आतली कड मात्र कच्ची, कुसे निघालेली, कोरडी तहानलेली असते. फुगणे तिथूनच सुरू होते. त्या कडेला सिलिकॉनचा हात फिरवायला पाच मिनिटे लागतात, आणि हे काम सुतार आपण होऊन करत नाही, उभे राहून करवून घ्यावे लागते. कपाटे जमिनीवर थेट टेकवू नयेत; चार इंची पीव्हीसी पायांवर उभी करून पुढे काढता येणारी पट्टी लावली की फरशी पुसण्याचे पाणी प्लायला लागत नाही आणि झुरळांचा माग काढायलाही जागा राहते.

आणखी एक सूचना भोके पाडणाऱ्यासाठी. भिंतीतले पाइप बहुतेक वेळा नळाच्या सरळ वर किंवा सरळ खाली जातात, त्यामुळे नळ, डायव्हर्टर (पाणी नळातून की शॉवरमधून, हे ठरवणारी कळ) आणि गीझर पॉइंट यांच्या उभ्या रेषेत ड्रिल चालवू देऊ नये. टॉवेलची दांडी सहा इंच बाजूला सरकली म्हणून कोणाचे काही अडत नाही. आणि सगळे काम संपल्यावर उरलेल्या टाइल्स भंगारात देऊ नयेत. प्रत्येक प्रकारच्या टाइल्सची एक पेटी, वरच्या बॅच क्रमांकासह, माळ्यावर ठेवावी, कारण पाच वर्षांनी तीच टाइल मिळत नाही आणि मिळाली तरी छटा जुळत नाही.

स्वयंपाकघरात पाणी, चरबी आणि आग या तिन्हींचा वावर असतो, पण रोजचा त्रास सर्वाधिक होतो तो चरबीचा. भजी तळलेल्या कढईतले तेल, तुपाची बेरी, भाताची पेज, परातीला चिकटलेली कणीक आणि चहाचा चोथा हे सगळे सिंकमध्ये गेले की सुरुवातीला काहीच होत नाही. मग एका थंडीत पाइपच्या आतल्या बाजूला त्यांचा साबणासारखा पांढरट थर धरतो आणि पाणी गुळण्या टाकत उतरू लागते. कढई आधी कागदाने पुसणे, परात वाळल्यावर खरवडून घेणे आणि चोथा कुंडीत टाकणे, ही तीन पथ्ये पाळली तर वर्षाकाठी प्लंबरची एक फेरी तरी वाचते. सिंकखाली वळ्यावळ्यांची लवचीक नळी बसवलेली असेल तर पहिल्याच महिन्यात ती काढून गुळगुळीत पाइप आणि उघडता येणारा बॉटल ट्रॅप बसवून घ्यावा, कारण त्या प्रत्येक वळीत खरकटे अडकते. बॉटल ट्रॅप स्वतः साफ करता येतो: खाली बादली ठेवावी, हाताने त्याची वाटी उलट दिशेने फिरवून काढावी, आतला गाळ फेकावा, रबरी रिंग जागेवर आहे ना ते पाहून वाटी पुन्हा बसवावी आणि शेवटी जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवून पाहावा. कागद ओला झाला तर जोड गळतो आहे. ही टिश्यूची परीक्षा मी घरातल्या प्रत्येक जोडावर घेते, कारण डोळ्यांना न दिसणारी गळती तिला सापडते.

गॅसच्या बाबतीत नियोजन म्हणजे तारीख लिहून ठेवणे. सिलिंडर असेल तर तारेचे अस्तर असलेली नारिंगी सुरक्षा नळी वापरावी आणि दर ५ वर्षांनी, किंवा त्याआधी भेग दिसली तर तत्काळ, बदलावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी किंवा भोके हवीत. नळाने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो आणि तो वर चढतो, त्यामुळे तिथे वरची झडप किंवा खिडकी उघडी राहणे महत्त्वाचे; त्याचा पाइप आणि बंद करण्याची कळ सजावटीच्या नादात कपाटात कोंडू नये. गळतीचा संशय आला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून पाहणारे लोक अजूनही आहेत, म्हणून हे लिहावे लागते.

चिमणीबद्दल थोडक्यात: आपल्या फोडण्या लक्षात घेता जाळीच्या फिल्टरचे पत्रे दर पंधरा दिवसांनी गरम पाण्यात साबण आणि सोडा घालून धुवावेत, आणि फिल्टर नसलेले यंत्र असेल तर तेलाची वाटी रिकामी करायला विसरू नये. तिचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, जितका आखूड आणि जितक्या कमी वळणांचा, तितके यंत्राचे आयुष्य जास्त, आणि हेही ओटा-कपाटांच्या आधीच ठरवायचे असते.

स्नानगृहात दोन ठिकाणी लक्ष ठेवले तर बाकीचे बरेचसे सांभाळले जाते. पहिले म्हणजे टाइल्सचे सांधे. बिल्डरकडून आलेल्या घरात ते सिमेंटचे असतात, सच्छिद्र असतात, आणि वर्ष-दोन वर्षांत शॉवरखाली झिजू लागतात. खर्चाची तयारी असेल तर राहायला जाण्याआधीच शॉवरच्या भागातले सांधे खरवडून त्यांत पाणी न शोषणारे इपॉक्सी भरून घ्यावे. काम वेळखाऊ आहे, वास येतो, रिकाम्या घरातच ते बरे पडते. भिंत आणि जमीन मिळतात तिथला कोपरा, कमोडचा तळ आणि बेसिनची कड इथे सिलिकॉनचा थर लागतो. तो काळा पडला किंवा कडेने सुटला की त्याच्यावर नवा थर चढवू नये, जुना ब्लेडने पूर्ण काढावा, जागा दिवसभर वाळू द्यावी आणि मगच नवा भरावा. सांध्यांत पांढरे सिमेंट भरून गळती थांबते असे सांगणारा कारागीर भेटला, तर त्याचे काम सहा महिने टिकते एवढे धरून चालावे.

दुसरे ठिकाण फ्लशच्या टाकीचे. ती आत गळत असेल तर आवाज होत नाही, जमीन ओली होत नाही आणि पाणी मात्र रात्रंदिवस वाहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकावेत, अर्धा तास कोणी फ्लश करू नये, आणि कमोडमध्ये रंग उतरलेला दिसला तर आतली रबरी सील बदलावी. (रंग नाही म्हणून मी एकदा हळद टाकली होती. ती विरघळली नाही, तळाशी बसली, आणि टाकी घासत बसण्याची पाळी मात्र आली.) फ्लशला प्रक्रिया केलेले पाणी येत असेल तर त्यातला बारीक गाळ झडपेत अडकतो, म्हणून अशा घरात ही तपासणी तीन महिन्यांनी करावी आणि भिंतीत दडवलेली टाकी घेताना तिची झडप बटणाच्या चौकटीतून बाहेर काढता येते ना, हे दुकानातच करून दाखवायला सांगावे.

नळाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी आणि शॉवरची चाळणी यांवर जड पाण्याने पांढरे खडे धरतात. त्या काढून कोमट पाण्यात लिंबूफूल (लिंबूसत्त्व) घालून तासभर बुडवून ठेवाव्यात आणि जुन्या टूथब्रशने घासाव्यात. नवे घर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात तर हे करावेच, कारण बांधकामाची वाळू त्याच जाळ्यांत येऊन बसलेली असते आणि धार बारीक आहे म्हणून आपण दाबाला दोष देत राहतो. लिंबूफूल संगमरवरावर सांडू देऊ नये. त्याची चकाकी जाते.

सफाईच्या रसायनांविषयी मी थोडी कडक आहे. दारावर बाटलीतून विकायला येणारे ॲसिड घरात आणू नये. ते डाग काढते हे खरे, पण सिमेंटचे सांधे खाते, नळांचा मुलामा उडवते, स्टीलच्या जाळीला गंज चढवते, आणि दोन वर्षांनी खालच्या घरात ओल दिसते तेव्हा त्या बाटलीची आठवण कोणाला येत नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद स्नानगृहात तो जिवावर बेतू शकतो. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे स्पष्ट सांगून ठेवणे आपले काम आहे. रोज अंघोळीनंतर वायपर फिरवणे आणि पंखा वीस मिनिटे चालू ठेवणे याने जे साधते, ते महिन्यातून एकदा घासून साधत नाही.

गीझर घेताना उंच इमारतीत पाण्याचा दाब किती आहे ते विचारून त्याप्रमाणे दाब सोसणारी टाकी घ्यावी. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते. कांडी संपली की गंज टाकीला धरतो, म्हणून जड पाण्याच्या भागात दरवर्षी आणि इतरत्र दोन वर्षांनी ती उघडून पाहायला सांगावी, त्याच वेळी कॉइलवरचा क्षारांचा थरही काढून घ्यावा. हे काम दिवाळीच्या मागेपुढे, थंडी पडण्याआधी करावे. डिसेंबरात कारागीर सापडत नाही. सुरक्षा झडपेतून अधूनमधून थेंब पडले तर घाबरू नये आणि ती झडप बूच लावून कधीही बंद करू नये. गॅसवर चालणारा गीझर स्नानगृहाच्या आत बसवू नये, कारण ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत त्याची जागा करावी. विजेच्या पेटीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, आहे ना हे पाहावे आणि त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर वीज गेली नाही तर त्या दिवशी गीझर लावू नये.

हे सगळे लक्षात ठेवण्यासाठी ॲप लागत नाही. मी स्वयंपाकघराच्या लॉफ्टच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यावरची तीन कामे होतात: टिश्यूने जोड पाहणे, सगळे अँगल कॉक एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडणे, आणि आरसीसीबीचे बटण. कॉक फिरवण्याचे काम लोकांना विचित्र वाटते, पण कधीच न फिरवलेला कॉक क्षारांनी जाम होतो आणि नेमका नळ तुटून कारंजे उडते त्या दिवशी हटत नाही. मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, शाफ्टमधले बाहेरचे पाइप, खिडक्यांच्या कडा आणि ड्राय बाल्कनीची जाळी पाहून घेते. दसऱ्याच्या साफसफाईत सिलिकॉन, सांधे आणि सिंकखालच्या कपाटाचा तळ यांचा नंबर लागतो. प्रत्येक नळ, यंत्र आणि नळी बसवल्याची तारीख त्याच कागदावर असते, आणि जोडनळ्या चांगल्या दिसत असल्या तरी पाच वर्षांनी मी त्या बदलते. कोकणात किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी यात बिजागऱ्यांना आणि ड्रॉवरच्या चॅनेलना पावसाळ्यानंतर तेल देण्याची एक ओळ वाढवावी, आणि सिंक व जाळ्या ३०४ दर्जाच्या स्टीलच्याच घ्याव्यात, कारण खाऱ्या हवेत हलके स्टील दोन पावसाळ्यांत ठिपके धरते.

तरीही गळती झालीच, तर ती कोणाची हे आधी ठरवावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे आणि बाहेरच्या सामाईक पाइप व ड्रेनेजमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते, आणि सदनिकेच्या आतल्या नळ-सिंक-संडासाची सदस्याने स्वतःच्या खर्चाने. वाद बहुधा भिंतीच्या आतल्या त्या फूटभर पाइपवरून होतो, आणि तिथे सुरुवातीला काढलेले मोजपट्टीसह फोटो कामी येतात. गच्चीवर आपल्या घरात उतरणाऱ्या लाइनची चावी कोणती, हेही वॉचमनला सोबत घेऊन एकदा पाहून यावे आणि तिच्यावर रंगाने फ्लॅट क्रमांक टाकून ठेवावा.

मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाताना घर पंधरा-वीस दिवस बंद राहणार असेल, तर घराला पाणी देणारी मुख्य चावी, गॅसची कळ आणि गीझरचा स्विच बंद करावा, ओट्यावरचे शुद्धीकरण यंत्र रिकामे करावे आणि एक नळ क्षणभर उघडून पाइपमधला दाब सोडावा. नहाणी ट्रॅपमध्ये साठलेले दोन इंच पाणीच गटाराचा वास आणि झुरळे अडवत असते, आणि उन्हाळ्यात ते आटते. म्हणून निघण्याच्या दिवशी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून त्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेलाचा तवंग राहिला की पाणी लवकर आटत नाही. पाहुण्यांच्या स्नानगृहाची आणि ड्राय बाल्कनीची जाळी या कामात हमखास राहून जाते.